मागे घेतलेले पाय

कापसाचा बोळा आधी पांढरा होता, मग पिवळट झाला, मग त्याच्या एका कडेला फिकट गुलाबी ठिपका उमटला आणि मिंज साहेबांनी तो चिमट्यात धरून खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, उजेडात उलटासुलटा करून पाहिला — रेल मिलमध्ये पोलादाचा तुकडा पाहायचे तसाच, ओठ मुडपून, घाई न करता — आणि म्हणाले, "गुलाबी है, देवराव. मतलब अंदर जिंदा है." देवरावांना स्वतःला ते कळायला काही मार्ग नव्हता. शुगरनं उजव्या तळपायाची जाणीव केव्हाच नेली होती. टाचेत हा खड्डा पडला तोसुद्धा फरशीवरचे डाग पाहून समजला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज धुवायचं, रोज पट्टी बदलायची, एक दिवस चुकला तरी टाच हाताबाहेर जाईल, आणि एकदा टाच गेली की कापणारे कुठपर्यंत वर सरकतील याचा भरवसा नाही. पण आज गुलाबी होतं. म्हणजे सरशी आपली आहे, असं देवरावांच्या मनात आलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना चहाची तल्लफ आली.

मिंज साहेब खाली बसले होते, बाथरूममधल्या प्लास्टिकच्या पाटावर. देवराव वर, खुर्चीवर. हे दृश्य प्लांटमधल्या कोणी पाहिलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता, कारण साहेब डीजीएम म्हणून रिटायर झालेले आणि देवराव त्यांच्या हाताखालचे चार्जमन. जन्मभर साहेब वरच्या गॅलरीत आणि हे खाली लाल रुळांच्या धगीत, मान वर करून "हो साहेब" म्हणणारे. हॉस्पिटलात पट्टीच्या रांगेत भेट झाली तेव्हा साहेब म्हणाले होते, मी करीन, माझी बायको नर्स होती, तिच्या शेवटच्या आजारपणात तिनंच मला शिकवलं. शिवाय तुझं घर माझ्या वाटेवर आहे. साहेबांच्या नेहरू नगरहून कुठेही जायला देवरावांचं रुआबांधा वाटेवर लागत नाही. ख्रिस्ती माणूस खोटं बोलत नाही म्हणतात, पण साहेब ते रोज बोलत होते, गाडी गेटपाशी लावून, हातात स्पिरिटची बाटली घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी पाय मांडीवर घेतला तेव्हा, देवराव मनात म्हणत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं... साहब, आप रहने दो, म्हणालो मी. रहने दूँ तो पैर जाएगा, म्हणाले.

आणि हात चालू असताना साहेब त्यांच्या प्रभूबद्दल सांगत. उपदेश नाही. घरातल्या थोरल्या भावाबद्दल सांगावं तसं, मधेच हसत, मधेच पट्टीची गाठ दातानं तोडत. देवरावांनी पहिल्याच आठवड्यात तोंडावर विचारून टाकलं होतं की मला किरिस्ताव करायला येता काय, तर साहेब म्हणाले, तुमको? पहले तुम्हारी शुगर तो कंट्रोल में आए. तेव्हापासून देवराव मोकळेपणानं ऐकू लागले आणि मोकळेपणानं भांडूही लागले. सुताराचा मुलगा, अर्धं आयुष्य रंधा मारण्यात गेलेलं — हे त्यांना पटलं, हाताला घट्टे असलेला देव त्यांना बरा वाटला. लग्नघरात प्यायचं कमी पडलं तर गुपचूप सोय करून यजमानाची लाज राखली — हेही पटलं, विदर्भातल्या मुलीच्या बापाला याचं मोल विचारा. देवळात दुकानं थाटणाऱ्यांचे पाट उलथे केले तो भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. मित्र मेला तेव्हा चारचौघांत रडला, हे त्यांनी मान खाली घालून ऐकलं. बायको, रत्नमाला, गेली तेव्हा ते स्वतः स्कूटरच्या शेडमध्ये जाऊन रडले होते. पण एका गालावर बसली तर दुसरा पुढे करा, हे त्यांना साफ नामंजूर होतं. असं प्लांटमध्ये एक दिवस करून पाहा साहेब, म्हणाले, दुसऱ्या दिवशी यूनियनवाले डोक्यावर बसतील. मिंज साहेब इतके हसले की चिमटा खाली पडला आणि पुन्हा उकळावा लागला.

आज मात्र हसणं नव्हतं. साहेबांनी बोळा टाकून दिला आणि सांगितलं की दुपारच्या गाडीनं ते जशपूरकडे गावी निघतायत, ईस्टर भावाकडे, परत यायला आठवडा लागेल. तेव्हा घरातल्या कोणाला तरी हे शिकवून जातो.

घरातलं कोणी म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. प्रशांत, देवरावांचा मुलगा, त्याच रेल मिलमध्ये धगधगत्या पोलादासमोर उभा राहतो, पण बापाची टाच एकदा पाहिली तर भिंत धरून खाली बसला होता. उरली हर्षा, सून. देवराव काही बोलायच्या आत साहेबांनी हाक मारलीसुद्धा — "हर्षा बेटी, इधर आना" — आणि ती ओढणीला हात पुसत आली, न विचारता खाली बसली, काय करायचं ते तिला आधीच कळलेलं होतं, आणि तिनं हात पुढे केला.

पाय आपोआप मागे गेला. देवरावांनी नेला असं म्हणता येणार नाही. जाणीव नसलेला पाय, पण ही एक गोष्ट त्याला बरोबर येत होती.

"राहू दे," देवराव म्हणाले.

राहू दे. किती साधा शब्द. घरोघर म्हणतात. नवी सून वाकली की सासरे म्हणतात, राहू दे, राहू दे बाळा, आणि म्हणता म्हणता हात डोक्यावर ठेवतात. त्या राहू देचा अर्थ होतो ये, वाक, माझी माया घे. देवरावांचं राहू दे त्याच चालीवर निघायचं, तोच सूर, तेच दोनदा म्हणणं, फक्त हात डोक्यावर जायचा नाही आणि पाय खुर्चीखाली सरकायचे. प्रशांतनं कोर्टात लग्न करून तिला घरी आणली त्या दिवसापासून हे चालू होतं. तिचं माहेर सेक्टर दहाचं, वडील प्लांटमध्येच, भाऊ सुमेध इंजिनिअर, मुलगी स्वतः बी.एस्सी., नाव ठेवायला जागा नाही — आणि मग देवरावांनी आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर पुढचं काही विचारलं नाही. आडनाव कळल्यावर आमच्याकडच्या माणसाला जात विचारावी लागत नाही. रत्नमालानं त्याच संध्याकाळी तिची ओटी भरली. देवराव म्हणाले, राहू दे. दरवर्षी दसऱ्याला ती आपट्याचं पान हातात द्यायची, वाकायची, आणि आलेगेले म्हणायचे, पाहा, किती साधे आहेत देवरावभाऊ, सुनेला पाया पडू देत नाहीत. तिच्या हातचं जेवण ते चाटूनपुसून खात. पोटाला जात नसते हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पायांना मात्र होती. आणि ही गोष्ट साऱ्या घरात दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि तिला.

हर्षा उठून उभी राहिली. ती साहेबांशीच बोलली. "अंकल, मैं कर दूँगी. पर बाबा खुद बोलेंगे तब." आणि आत गेली, आणि आत कुकरचं झाकण घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ येत राहिला.

मिंज साहेबांनी माणसं हाताळण्यात जन्म काढलेला. त्यांनी मागे गेलेल्या पायाकडे पाहिलं, देवरावांकडे पाहिलं, पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला आणि पट्टी बांधता बांधता सांगू लागले की आज गुरुवार, आजच्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पकडून नेण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रभूनं तेच केलं होतं. कमरेला पंचा गुंडाळला, घंगाळात पाणी घेतलं आणि चेल्यांचे पाय एकेक करून धुतले, उद्या जो दगा देणार होता त्याचेसुद्धा.

"एक ने पैर खींच लिए थे," साहेब म्हणाले. "जो सबसे पक्का था, उसी ने."

देवरावांना तो चेला ताबडतोब आवडला. बरोबर केलं त्यानं, ते म्हणाले, गुरूनं पायाला हात लावायचा म्हणजे काय, लाज वाटणारच. माझा मामला वेगळा आहे.

"हाँ," साहेब म्हणाले, "तुम्हारा उल्टा है." आणि गाठ मारून, बाटल्या, कापूस, चिमटा सगळं देवरावांच्या टेबलावर नीट मांडून, ते निघून गेले.

उल्टा है. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळून गेला तरी हे दोन शब्द खोलीतच राहिले. दुपार तापली, कूलर घरघरू लागला, हर्षानं ताट आणून ठेवलं आणि नेलं, आणि देवराव मनातल्या मनात भांडत बसले. बोलायला सोपं आहे साहेब. तुम्ही वरून खाली वाकलात. मोठ्यानं वाकलं की त्याचं मोठेपण वाढतं, लोक हात जोडतात, तुमचा तो पंचा, ते घंगाळ, सगळं सुंदर दिसतं. पण खाली बसलेल्याकडून घेणं... मी कोणाचं काही घेतलं नाही. जन्मात नाही. शेजाऱ्याकडून विरजणाला दही मागितलं नाही. मग आता, या वयात — आणि इथे विचार अडखळला, कारण मागच्या आठवड्यात साहेबांनी सांगितलेली एक गोष्ट मधेच घुसली, तेव्हा नीट ऐकलीही नव्हती, मॅच चालू होती.

एका बड्या माणसाच्या घरी प्रभूला जेवण होतं. पंगत बसलेली, गावातले शिष्ट लोक. तेवढ्यात एक बाई आत आली — गावानं ओवाळून टाकलेली, जिची सावली कोणी अंगणात पडू देत नव्हतं. ती येऊन त्याच्या पायांशी बसली आणि रडू लागली, इतकी की पाय भिजले, मग केसांनी पुसू लागली, मग कुपीतलं अत्तर ओतलं. यजमान मनात म्हणतोय, याला कळत नाही का ही कोण आहे. सगळी पंगत बघतेय...

आणि त्यानं पाय मागे घेतले नाहीत.

देवराव खुर्चीत सरळ होऊन बसले. साहेबांनी हे वाक्य म्हटलं नव्हतं. साहेब बाईच्या अश्रूंबद्दल सांगत होते, क्षमेबद्दल सांगत होते. हे मी काढलं, या देवरावानं, कारण सहा वर्षं पाय मागे घेतलेल्या माणसालाच ही गोष्ट दिसणार. कोणीही घेतले असते. भला माणूसही म्हणाला असता, राहू दे बाई, राहू दे, आणि हळूच पाय सरकवले असते, आणि पंगतीत त्याची वाहवा झाली असती. हा बसून राहिला. सगळ्यांच्या नजरा पायांवर, आणि हा तसाच बसून. याला छाती लागते. पाय धुवायला लागत नाही एवढी लागते... आणि मग एकेक धागा आपोआप सुटत गेला. दमून विहिरीपाशी बसला तेव्हा जिच्या हातचं पाणी त्याचे लोक पीत नव्हते तिच्याचकडे पाणी मागितलं. होडी दुसऱ्याची, गाढव दुसऱ्याचं, शेवटची जेवायची खोली दुसऱ्याची, मेल्यावर थडगंसुद्धा उसनं. महारोग्याला बरं करून मग हात लावला नाही, आधी हात लावला. अरे, हा तर जन्मभर घेत राहिला. देणारा देणारा म्हणून सगळे त्याला डोक्यावर घेतात आणि हा घेता घेता कसा मोठा झाला ते कोणी पाहतच नाही. रुळाचं असंच असतं. वरचा माथा सगळे पाहतात, चाकं चकाकवतात त्याला. खालच्या भागाला, जो जमिनीवर टेकलेला असतो त्याला, आम्ही फूटच म्हणायचो, पाय — आणि तडा तिथून गेला तर वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. देवरावांना हा शोध इतका आवडला की मिंज साहेबांना फोन लावावासा वाटला. पण साहेब गाडीत असतील, आणि शिवाय पुढचं विचारतील.

पुढचं म्हणजे आतल्या खोलीत होतं आणि भांडी लावत होतं.

एवढं समजूनही माणूस किती हलकट असतो पाहा. देवरावांनी ठरवलं, उद्यापासून आपलं आपण करायचं, आजच करून पाहू. हात धुतले, पट्टी सोडली, रत्नमालाचा छोटा आरसा फरशीवर ठेवला आणि टाच त्यावर धरून वाकले, तर पोट आडवं आलं. डावीकडून वाकले, आरसा उजवीकडे गेला. क्षणभर दिसलं, खड्ड्याची कड, खरंच गुलाबी — स्वतःची जखम इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा पाहिली — आणि त्या आनंदात पट्टीचा गुंडाळा मांडीवरून सुटला, उलगडत पलंगाखाली गेला, कापसाचं पुडकं त्याच्यामागे. आता टाच उघडी होती. फरशीवर टेकवता येत नव्हती, वर धरून मांडी कापायला लागली होती, आणि या स्थितीत रेल मिलचा माजी चार्जमन एक पाय हवेत धरून बसला होता, आणि त्याला चक्क हसू येत होतं.

बाहेर ऊन उतरलं होतं. रोज या वेळेला चहा हवा असला की देवराव म्हणायचे, घरात कोणी आहे का. घरात ती एकटीच असायची, तरी असंच म्हणायचे. नाव घ्यावं लागू नये म्हणून सहा वर्षं घरातल्या घरात पत्ता विचारत राहिले होते.

"हर्षा," त्यांनी हाक मारली.

भांड्यांचा आवाज थांबला. ती दारात येऊन उभी राहिली. तिनं उघडी टाच पाहिली, आरसा पाहिला, पलंगाखाली गेलेली पट्टी पाहिली, आणि आत आली नाही.

"पट्टी सोडून बसलो मी," देवराव म्हणाले. "करून देशीन का?"

"सकाळी अंकल शिकवून राह्यले होते," ती म्हणाली. "तुमीच पाय मागं घेतला."

"हो. घेतला."

"कावून?"

एवढंच. तिनं आवाज चढवला नाही. देवरावांच्या तोंडाशी बरंच काही आलं, गुदगुल्या, शुगर, सुनेला कशाला त्रास, सगळी जुनी, वापरून गुळगुळीत झालेली उत्तरं, आणि एकही बाहेर पडेना. ती वाट पाहून मग स्वतःच म्हणाली, "आडनावापायी ना, बाबा?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणून. मान हलवणं इतकं जड असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि झाल्यावर इतकं हलकं, हेही.

"मले माहीत होतं," हर्षा म्हणाली. "पयल्या दिवसापासून. हे मी विसरणार नाही, बाबा."

"नको विसरू," देवराव म्हणाले.

ती आत गेली. गेली म्हणजे गेलीच, असं वाटण्याइतका वेळ गेला. मग कोमट पाण्याचा टब घेऊन आली, टेबलावरच्या बाटल्यांवरची नावं वाचली, हात साबणानं धुतले, पाटावर बसली. तुमच्यासाठी करून राहिली असं समजू नका, तिनं टबात मीठ ढवळत सांगितलं, टाच सडली तर प्रशांत जेवायचा नाही आणि घरभर वास मलाच काढावा लागेल. देवरावांना हे बोलणं मनापासून आवडलं. तिनं रडून पाया पडावं असं काही त्यांना नको होतं. ती रागात होती, ताठ होती, या घरची होती.

तिनं हात पुढे केला. पाय... पाय तिथेच राहिला. नुसता राहिला नाही, देवरावांनी तो राहू दिला, मांडीचा सगळा जोर लावून, आणि मग तो जोरही सोडून दिला, तेव्हा पायाचं सगळं वजन तिच्या तळहातावर गेलं. तिथे काही जाणवत नव्हतं. पाणी कोमट की गार, तिचा हात मऊ की खरबरीत, काही नाही. फक्त डोळ्यांना दिसत होतं, तिच्या बोटांमधून पाणी टाचेवर येतंय, ओघळतंय, पुन्हा येतंय. तेव्हा ते डोळे न हलवता पाहत राहिले. पाय धुवायला दुसरं कोणी नाही म्हणून बसलोय, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, कारण छातीत जे भरून येत होतं त्याला नाइलाज म्हणत नाहीत. पंगतीतल्या त्या माणसालाही असंच झालं असेल का? त्यालाही मागे घ्यावेसे वाटले असतील, एक क्षणभर, आणि मग नाही घेतले... असं असेल तर साहेब, तुमचा प्रभू माझ्या ओळखीचा निघाला.

"दुखून राह्यलं का?" हर्षानं विचारलं.

"मले खाली काही समजत नाही, पोरी," ते म्हणाले.

ती थांबली. पोरी हा शब्द तिनं ऐकला, पाणी खाली निथळू दिलं आणि मान वाकवून जखम पाहू लागली. तिच्या केसांतला भांग अगदी समोर होता. हात ठेवायला एवढं अंतर पुरेसं होतं. देवरावांनी ठेवला नाही, आज नाही, तो मान तिनं दिला तर घ्यायचा होता, आपण होऊन ठेवायचा हक्क आपण घालवलाय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याचंही आज वाईट वाटत नव्हतं. प्रशांतची गाडी गेटपाशी आली. तो आत येईल, हे पाहील, काहीतरी विचारेल; विचारू दे. पाय टबावर, सुनेच्या हातात, उघड्या दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा, आणि देवराव खुर्चीत मागे रेलून बसले होते, कोणाशी तरी फार मोठी लढाई आपण आत्ता जिंकलो आहोत अशा भरात — कोणाशी, ते मात्र त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.